यंदा कुरडया गच्चीवर नको, दारात घाल

"काकू नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या नाशकातला वाडा सोडून पाथर्डी फाट्याच्या पुढे रो हाऊस घेतलं. घर छान आहे, हप्ते आहेत पण स्वतःचं आहे. लेनमध्ये 14 घरं, पण सगळ्यांची गेटं बंद, ओळख काय ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणी आलं का लाइट गेली का एवढीच. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना जिना चढवत नाही. वाड्यात त्या दरवर्षी 5 किलोच्या कुरडया करायच्या. मागच्या वर्षी मी एकटीने गच्चीवर करून बघितल्या तर गुलाबी पडल्या, उचलताना अर्ध्या मोडल्या, आणि तळल्यावर मधे कडकच. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, आता काय कुरडया, विकत आणू. त्यात समोरच्यांची गाडी आमच्या गेटसमोर लागते त्यावरून दिवाळीत शब्दाला शब्द झाला. लेक विचारते आई आपल्या गल्लीचं नाव काय, तर काय सांगू, सगळे 'फाट्याच्या पुढे' एवढंच म्हणतात. कुरडया कशा जमतील ते सांगा, आणि ही लेन आपली कधी वाटेल तेही.
— पाथर्डी फाट्याची एक सून"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू दोन प्रश्न विचारलेस खरे पण ते दोन नाहीतच, एकच आहे. तुझ्या कुरडया मोडल्या कारण तू एकटी होतीस. कुरडई हा एकटीने करायचा पदार्थच नाही गं. शेवया विकत आणता येतात, पापड चार-चार लाटून आठवडाभरात उरकता येतात, सांडगे तर दुपारी टीव्ही बघत बघत घालता येतात, पण कुरडईला एकाच वेळी चार माणसं लागतात, भिजवलेल्या गव्हाचा वाटून गाळलेला चीक ओतायला एक, घोटायला एक, सोऱ्या दाबायला एक आणि ताटं-कापड उचलून मांडायला एक. तू चौघींचं काम दोन हातांनी केलंस, तेही जिन्याने वर-खाली करत, मग चीक गार होणार नाही तर काय होईल? त्यात तुझी काही चूक झाली, हे आधी मनातून काढून टाक.

आता तुझ्या तिन्ही तक्रारी एकेक करून बघू.

गुलाबी पडल्या, म्हणजे चिकावरचं निवळ नीट काढलं गेलं नाही. रात्रभर चीक ठेवला की खाली पांढरा शुभ्र थर घट्ट बसतो आणि वर तांबूस-पिवळट पाणी येतं, ते पाणी सगळंच्या सगळं ओतून द्यायचं असतं, आणि आपण काय करतो तर थोडा चीक वाया जाईल म्हणून हात आखडता घेतो आणि वाटीभर निवळ तसंच ठेवतो. तोच रंग वाळल्यावर दिसतो. पातेलं अजिबात न हलवता एका बाजूने हळूच तिरकं करायचं, आणि शेवटी पांढऱ्या थरावर जो करडा-तांबडा पापुद्रा असतो ना तोही चमच्याने खरवडून काढायचा. जीव हळहळतो पण काढायचा. दुसरं म्हणजे नाशकात चैत्रात ऊन चढलं की भिजवलेले गहू फार लवकर आंबतात, पाणी दिवसातून एकदा बदलून भागत नाही, सकाळ-संध्याकाळ दोनदा बदल.

मोडल्या, म्हणजे चीक कच्चा राहिला, नाहीतर सोऱ्यात जाईपर्यंत गार झाला. तुझ्या बाबतीत मला वाटतं दोन्ही झालं असणार.

आणि तळल्यावर मधे कडक राहिल्या म्हणजे वाळवण पूर्ण व्हायच्या आधी डब्यात गेलं. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावून सांगते, दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं असणार आणि तू घाबरून सगळं खाली आणून पंख्याखाली ठेवलं असणार, आणि मग वरून वाळल्यासारख्या दिसल्या म्हणून भरून टाकल्या. आपल्याकडे हे अवकाळीचं असंच आहे, सकाळी कडक ऊन आणि चारच्या सुमाराला काळंकुट्ट, द्राक्षबागायतदारांचा जीव टांगणीला लागतो तसाच वाळवण घालणाऱ्या बायकांचाही लागतो. तेव्हा वाळलेली कुरडई ओळखायची कशी, तर मधला वेटोळ्याचा जाड भाग बोटांनी मोड, कट्कन आवाज झाला आणि आत कुठे दुधाळ ओलसर दिसलं नाही तर झाली. आवाज न होता वाकली तर अजून एक ऊन दाखव.

हे झालं चुकलेल्याचं. आता यंदाचं सांगते, आणि यात माझं पहिलं सांगणं हेच की गच्ची विसर. गच्चीवर घालूच नकोस. दारात घाल.

का ते सांगते. तुझ्या सासूबाई 'जाऊ दे, विकत आणू' म्हणाल्या ते तू शब्दशः घेतलंस. ज्या बाईने इतकी वर्षं 5-5 किलोच्या कुरडया केल्या तिला विकतच्या कुरडईची हौस असेल का? त्यांना जिना चढता येत नाही आणि वर तू एकटी राबतेस ते खाली बसून ऐकणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून त्या नको म्हणतात. वाळवण जर दारात असेल तर त्या खुर्ची टाकून पोर्चमध्ये बसतील, हातात काठी घेऊन कावळे हाकतील, आणि मुख्य म्हणजे चीक झाला की नाही हे त्या सांगतील. ते त्यांनीच सांगायचं. माझी आजी डोळ्याने बघून सांगायची, 'थांब, अजून डोळा उघडला नाही त्याने', म्हणजे चिकाला ती काचेसारखी चकाकी आली नाही अजून. हे असलं ज्ञान कुठल्या व्हिडिओत मिळत नाही गं, आणि ते तुझ्या घरात खुर्चीवर बसलेलं आहे. त्यांना सरप्राइज वगैरे देऊ नकोस, सरळ जाऊन म्हण, "आई, मला चीक कळत नाही, तुम्ही बसा आणि सांगा."

आणि दारात घालण्याचं दुसरं कारण म्हणजे गच्चीवरचं वाळवण कुणाला दिसत नाही. दारातलं सगळ्या लेनला दिसतं.

माझं माहेर भांडी बाजाराजवळच्या वाड्यात. नऊ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ. चैत्र लागला की चौकात बाजा निघायच्या, त्यावर जुनी धोतरं अंथरायची, आणि वाळवणाचे वार ठरलेले असायचे, आज खालच्या काकूंचं, उद्या आमचं, परवा माडीवरच्यांचं, कारण ऊन चौकात तेवढंच यायचं आणि ते वाटून घ्यावं लागायचं. ज्यांच्या कुरडया असतील त्यांच्याकडे पहाटे पाचला चार बायका पदर खोचून हजर, बोलावणं वगैरे काही नाही, आणि आम्हा पोरांना कामाला यायची सक्ती नव्हती पण आम्ही यायचोच, कारण चीक. गरम गरम चीक वाटीत घ्यायचा, त्यावर कच्चं तेल, तिखट, नाहीतर तूप-साखर. मला तेल-तिखटाचाच आवडायचा, बोटाला चटका बसायचा, वाटी पदराने धरावी लागायची, आणि नाकातून पाणी येईपर्यंत खायचा. नऊ बिऱ्हाडांच्या कुरडया म्हणजे नऊ सकाळी चीक!

2008 च्या सप्टेंबरातला पूर तुझ्या सासूबाईंना नक्की आठवत असेल. गोदावरीचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं होतं. आमच्याकडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून पाणी मोजतात, मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं असं एकमेकांना ओरडून सांगतात, त्या दिवशी ते सांगायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. माझी आई तेव्हा वाड्यातच होती, खालच्या मजल्यावर. तिने मला नंतर सांगितलं की पाणी उंबऱ्याला लागलं तसं माडीवरच्या बिऱ्हाडातल्या पोरांनी जिन्यावर रांग केली आणि आमच्या घरातलं सगळं हातोहात वर नेलं, आधी कागदपत्रं, मग गॅसचं सिलिंडर, आणि मग वाळवणाचे डबे. आई म्हणाली राहू द्या रे डबे, तर त्यातला एक पोरगा म्हणाला, काकू त्या कुरडया मीच राखल्यात उन्हात बसून, त्या भिजू देणार नाही. ते डबे पुढे 15 दिवस त्यांच्याच घरात होते आणि दोन्ही घरांनी मिळून त्यातलंच खाल्लं.

म्हणून मी तुला दारात घाल म्हणते.

तू लेनमध्ये दिवाळीला सगळ्यांना मिठाईचे बॉक्स दिलेस का? बहुतेक दिले असशील, नवीन राहायला आलेली सगळी माणसं देतात. आणि त्यांनीही परत एक बॉक्स दिला असेल. झालं, फिटंफाट. देण्याने ओळख होते पण शेजार होत नाही, शेजार मागण्याने होतो. विरजण मागितलं, सोऱ्या मागितला, दोन तास मुलाला बघाल का विचारलं, की त्या माणसाला आपल्या घरात काहीतरी हक्क मिळतो. आणि आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतातच, त्यामुळे एकदा भांडं निघालं की ते फिरतच राहतं. नवीन वस्त्यांमध्ये सगळ्यांकडे सगळं असतं, त्यामुळे कुणी कुणाकडे मागायला जात नाही, आणि मग आपण म्हणतो की इथली माणसं रुक्ष आहेत. रुक्ष नाहीत गं, ते सुद्धा गेटच्या आत बसून हाच विचार करत असतात.

तर तू मागायला जा. आणि पहिलं जिथे जायला सगळ्यात जड वाटतंय तिथेच जा, समोरच्यांकडे. मला माहितीये दिवाळीत वाद झालाय. पण सकाळचं ऊन तुझ्या गेटसमोर जिथे पडतं तिथे त्यांची गाडी असते, म्हणजे तुझं काम त्यांच्याशीच आहे. गाडीचा जुना विषय काढायचा नाही, चूक कुणाची हे तर अजिबात नाही. "वहिनी, रविवारी सासूबाईंच्या कुरडया दारात घालतेय, त्यांना गच्ची चढवत नाही, तर रविवार-सोमवार-मंगळवार सकाळी गाडी जरा पलीकडे लावाल का? आणि जमलं तर सकाळी या ना, मला चीक घोटायला एक हात कमी पडतोय." एवढंच. वृद्ध बाईसाठी तीन सकाळी गाडी हलवायला बहुतेक माणसं नाही म्हणत नाहीत. आणि समजा म्हणालेच नाही, तर वाद न घालता स्वतःच्या पोर्चमध्ये नाहीतर बाजूच्या मोकळ्या जागेत घाल, पण घाल दारातच.

हे ग्रुपवर टाकू नकोस. ग्रुपवर टाकलं की 14 घरांतून 11 अंगठे येतात आणि माणूस एकही येत नाही. गेटवर जाऊन बेल वाजव. सगळ्या घरी जायची गरज नाही, तीन घरं पुरे. तुझ्या भागात अंबड-सातपूरच्या कंपन्यांमुळे सगळीकडची माणसं आहेत, कसमादेची म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडची आहेत, जळगाव-धुळ्याची आहेत, कुणी विदर्भातली असेल. जळगावची कुणी असेल तर तिच्याकडून ज्वारीचे बिबडे शिकून घे, पेठ-सुरगाण्याकडची असेल तर नागलीच्या पापडांचा विषय काढ आणि बघ कशी खुलते ती. खानदेशातल्या बाईला तर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की कुरडईची आठवण येतेच, आमरस-पुरणपोळीच्या ताटात कुरडई-पापड नसले तर तिला सण झाल्यासारखं वाटत नाही, ती तुझ्याकडे पहाटे पाचलाही येईल.

आणि आखाजी हीच तुझी मुदत धर. पाडवा ते अक्षय तृतीया जेमतेम महिना मिळतो, ऊन कडक असतं, आणि त्यानंतर आभाळाचा काही भरवसा नाही.

आता वार सांगते, कारण सगळं गणित वारावर आहे. रविवारी घालायच्या म्हणजे माणसं आणि पोरं घरी असतात. त्यासाठी गहू बुधवारी संध्याकाळी भिजत घालायचे. लोकवन घे, यंदाचा नवा, दोन किलोच, पहिल्या वर्षी जास्त हाव नको. दोन-तीन पाण्याने धू आणि भरपूर पाण्यात बुडव. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सकाळ-संध्याकाळ पाणी बदल, भांडं स्टीलचं नाहीतर प्लॅस्टिकचं, लोखंडी नको. शनिवारी दुपारनंतर एक दाणा बोटात दाबून बघ, पांढरं दूध बाहेर आलं आणि साल हातात राहिली तर गहू तयार. थोडा आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नकोस, पण दाणे बुळबुळीत झाले असतील आणि वास नाकात जात असेल तर तो घाणा टाकून दे, तो वास तळल्यावरही जात नाही.

शनिवारी संध्याकाळी मिक्सरमध्ये थोडे थोडे गहू, पुरेसं पाणी घालून वाट, आधी चाळणीतून आणि मग मलमलच्या किंवा पंचाच्या कापडातून गाळ. राहिलेला चोथा परत पाणी घालून दोनदा पिळ, त्यात अजून बराच चीक असतो. चोथा फेकू नकोस! त्यात तीळ, तिखट, मीठ, हिंग आणि जिरं-लसूण वाटून घाल आणि छोट्या छोट्या भुसवड्या थाप, त्यांना ऊन लागेल त्या दिवशीच, पावसाळ्यात खिचडीबरोबर तळल्या की घरातली पुरुषमंडळी सुद्धा विचारतात हे काय आहे. गाळलेला चीक मोठ्या पातेल्यात झाकून रात्रभर तसाच, हलवायचा नाही, त्यावर पंखा-बिंखा काही नको.

रविवारी पहाटे पाचला उठ. निवळ काढ, वर सांगितलं तसं निर्दयपणे. मग खालचा घट्ट चीक हाताने मोकळा कर, एकही गाठ नको, आणि वाटीने मोज. जेवढा चीक तेवढं पाणी, आमच्याकडे हेच माप आहे, पण तुझ्या सासूबाईंचं थोडं वेगळं असेल तर त्यांचंच धर, प्रत्येक घरच्या गव्हाचा आणि निवळाचा हिशोब वेगळा असतो. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळ, त्यात मीठ आणि हिंग. मीठ आमटीला घालतो त्यापेक्षा कमी घाल, कारण वाळल्यावर ते चढतं, हे मी स्वतः एका वर्षी चुकलेय आणि वर्षभर सगळ्यांनी खारट कुरडया मुकाट्याने खाल्ल्यात. पापडखार, तुरटी काही काही बायका घालतात, मला त्याची गरज वाटत नाही, निवळ नीट काढलं की कुरडई आपोआप पांढरी होते.

पाणी खळाखळा उकळलं की गॅस कमी कर, आणि आता इथे दुसरा हात पाहिजे. एकीने धार धरून चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी लाटण्याने किंवा रवीच्या दांड्याने न थांबता घोटायचं, एकाच दिशेने. दोन मिनिटांत तो इतका घट्ट होतो की पातेलंच फिरायला लागतं, मग तिसरीने पातेलं सांडशीने धरून ठेवायचं. आता कळलं ना मी चार माणसं का म्हणते ते? मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा मिनिटं वाफ, परत एकदा घोटायचं, परत वाफ. पांढरा चुनखडीसारखा रंग जाऊन तो चकचकीत, काहीसा पारदर्शक व्हायला लागतो, पातेल्याच्या कडा सोडतो. पाण्यात बोट बुडवून वर टेकव, बोटाला चिकटला नाही तर झाला. आणि तरीही त्या वेळी पातेलं बाहेर खुर्चीपाशी नेऊन सासूबाईंना दाखव. त्या हो म्हणाल्या की मग सोऱ्यात भर. सगळा एकदम शिजवू नकोस, दोन वेळा कर, म्हणजे दुसरा घाणा होईपर्यंत पहिला गरम गरम घालून होतो.

बाजा नसतील तर दोन फोल्डिंग कॉट काढ, त्यावर प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद अंथर. सोऱ्याला आतून पाण्याचा हात, गोळा भरायचा, आणि दोन-दोन वेटोळ्यांची कुरडई, फार मोठी नको, तळताना कढईत फुलायला जागा लागते, ती चौपट फुलते. दोन किलो गव्हाच्या मध्यम आकाराच्या 70-80 तरी होतील. साडेआठच्या आत सगळ्या घालून झाल्या पाहिजेत. तुमच्याकडे हायवे जवळ आहे, बांधकामं चालू आहेत, त्यामुळे धुळीसाठी वरून जुनी मलमलची साडी किंवा मच्छरदाणी टाक, टोकांना चिमटे लाव, ऊन त्यातून लागतं. संध्याकाळी कॉट पोर्चमध्ये घे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कागदावरून आपणहून सुटतात, सुटल्या की उलट्या कर, ओढून काढू नकोस. तिसऱ्या दिवसाचं ऊन झालं की एक मोडून बघ. आणि मधेच आभाळ आलं तर घाबरून ढीग करायचा नाही, सुट्या-सुट्याच आत घ्यायच्या, ताटं, सूप, कॉट जे असेल त्यावर, आणि दुसऱ्या दिवशी परत उन्हात. डब्यात भरताना उन्हातून थेट भरायच्या नाहीत, रात्रभर गार होऊ द्यायच्या.

रविवारी सात वाजता, चीक शिजत आला की तुझ्या लेकीला लेनमध्ये पाठव. तिला सांग प्रत्येक गेटवर जाऊन पोरांना हाक मार, "चीक खायला या, आपापली वाटी घेऊन या." आपापली वाटी म्हणायला विसरू नको. पोरगं वाटी मागायला स्वयंपाकघरात गेलं की त्याची आई विचारणार कसला चीक, कुणाकडे, आणि मग ती गेटपर्यंत येऊन बघणार. अर्ध्या बायका तर मुलामागून स्वतःच येतील कारण त्यांनीही हा चीक लहानपणीच खाल्लेला असतो आणि त्यानंतर नाही. तेल, तिखट, तूप, साखर बाहेर टेबलावर मांडून ठेव. चीक खाल्लेल्या पोरांनाच राखणीला बसव, दोन-दोनच्या पाळ्या लाव, काठी सासूबाईंकडून घ्यायची आणि त्यांनाच परत द्यायची. त्या पोरांना वाड्यातल्या गोष्टी सांगतील बघ, तुला सांगावं पण लागणार नाही.

राहिलं लेनच्या नावाचं. तुझ्या सासूबाईंना विचार रहाड कशी असते ते, आणि ते लेकीला ऐकू दे. जुन्या नाशकात शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, या ठिकाणी रस्त्याच्या खाली दगडी बांधकामाचे हौद आहेत, पेशव्यांच्या काळापासूनचे. वर्षभर ते बंद असतात, वरून माणसं जातात, गाड्या जातात, बाहेरच्या माणसाला खाली काय आहे याचा पत्ता नसतो. रंगपंचमी जवळ आली की वरची माती काढायची, फळ्या उचलायच्या, आत रंगाचं पाणी भरायचं, प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा, पूजा करायची आणि मग एकेकाने धप्पा मारायचा. नंतर परत बुजवून रस्ता पूर्ववत. एखाद्या गल्लीला आपल्या रहाडीचा अभिमान असतो तो तिथे पाटी लावलीये म्हणून नसतो. दरवर्षी उकरायला तीच घरं येतात, आजोबा उकरायचे तिथे आता नातू उकरतो, त्यामुळे आपण कुठले हे सांगताना माणूस रहाडीचं नाव सांगतो.

तुमची लेन दोन वर्षांची आहे. दोन वर्षांत कुणाला नाव मिळालंय? दरवर्षी त्याच रविवारी त्याच दारात कॉट पडल्या तर पोरंच काहीतरी म्हणायला लागतील, कुरडईवाली लेन म्हणतील नाहीतर आजीची लेन म्हणतील, ते त्यांच्यावर सोड. कमान, बोर्ड, लेनचा लोगो असल्या गोष्टींच्या मागे आत्ता लागू नका, त्यावरून मीटिंगा होतात आणि वाद होतात. त्यापेक्षा कोजागिरीला दारात दूध आटवा, भोगीला एकमेकांकडची भाजी-भाकरी बदला, थंडीत कुणाच्या शेतावरून हुरडा येत असेल तर तो दारात भाजा. सगळं एका वर्षात करायची घाई नको.

आखाजीच्या दिवशी मात्र एक कर. आमरस जेवणात असेलच, सकाळी एक ताट भरून कुरडया तळ, तेल चांगलं तापलेलं पाहिजे, टाकल्याबरोबर फुलून वर आली पाहिजे, आणि समोरच्या वहिनींकडे ते ताट तू नको नेऊस, सासूबाईंना हाताला धरून ने. रस्ता सपाट आहे, दहा पावलं आहेत, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच असेल. त्या म्हणतील नको, तू जा. तरी ने.

आणि आजच माळ्यावरून त्यांचा सोऱ्या काढ, पितळी असेल तर चिंचेने घासून ठेव, आतली कुरडईची चकती आहे ना ते बघ, घर बदलताना चकत्याच हरवतात. नसेल तर विकत आणायला धावू नकोस, समोरच विचार, नाहीतर त्यांच्या शेजारी. तीन घरी विचारूनही मिळाली नाही तर मग भांडी बाजारात जा, सासूबाईंना रिक्षाने बरोबर घेऊन जा, त्यांची ओळखीची दुकानं असतील. आणि बुधवारी संध्याकाळी गहू भिजत घाल. दोन किलोच.